पाठपोट

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, शेडच्या मागच्या दाराशी
दुधी काचेखाली एक ट्यूबलाइट आडवी निजवली आहे.
तिच्यावर मी कागद धरते.
पोटावर ‘ळ’, पाठीवर बाळ.
दोन्हीकडच्या कोपऱ्यांतल्या बारीक फुल्या
एकमेकींवर बसायला हव्यात.
बसत नाहीत.
वरच्या डावीत केसाचं अंतर,
खालच्या उजवीत दीड मिलिमीटर.

दीड मिलिमीटरचं बाहेर कुणाला काही नसतं.
इथे दीड मिलिमीटर म्हणजे
कापल्यावर बाळाचा कान गेला,
आणि ‘ळ’ची शिरोरेषा
कडेच्या सोबतीनं धावायची सोडून
एका टोकाला सैल बांधलेल्या वाळवणाच्या दोरीसारखी
खाली उतरली.
बालवाडीची चार हजार कार्डं. उद्या अकराला टेम्पो.

आधी माझ्याकडून जे होतं ते केलं.
कागद पिसून हवा खेळवली,
ट्रेचे गाइड बोटानं चाचपले : सैल नाहीत, घट्टही नाहीत.
फ्यूजर पहिल्या फेरीत कागद शेकतो,
अंगातलं पाणी उडतं, कागद आकसतो,
म्हणून मागची बाजू थोराड दिसते.
तिला ९९.९२ वर आणली.
फुल्या जवळ आल्या, पण तिरकेपण जागचं हललं नाही.
दशांश एक दिला. दशांश दोन. उणे तीन.
पोट सरळ केलं की पाठ कलते –
दोघांत एक पांघरूण,
याच्या खांद्यावर ओढावं तर त्याचे पाय उघडे.

साडेनऊला महापेहून इम्तियाज आला,
हेल्मेट टोनरच्या खोक्यावर ठेवलं,
रजिस्ट्रेशनचे रोलर स्पिरिटनं पुसले,
नखानं खरवडून पाहिले, कान लावून फिरवले.
‘चैत्राली, मशीन सरळ आहे.’
गोगरीशेठ चहाचा कप हातात घेऊन उभेच होते.
‘नाचता येईना,’ म्हणाले,
आणि पुढचं बोललेच नाहीत.
बाइंडिंगच्या टेबलावरून दोघी हसल्या.
मीही हसले, काय करणार.

मग का कोण जाणे,
रीममधून दोन कोरे कागद काढले.
एकाला पालथं घातलं दुसऱ्यावर,
पुढची कड पुढच्या कडेला भिडवली, टेबलावर ठोकून.
लांबच्या कोपऱ्यात खालच्या कागदाची
एक पांढरी चीर बाहेर आली,
वाढलेल्या नखाएवढी.
पालथं घातलं की चूक दुप्पट दिसते.
शाईचा थेंब नव्हता अजून त्यांच्यावर.
अंगण खरंच वाकडं होतं.

कटिंगवर हरेश मढवी. बावीस वर्षं.
त्याला काय सांगावं, याची जुळवाजुळव करत गेले
आणि नुसते ते दोन कागद पुढे धरले.
तो वाद घालत बसला नाही.
खिळ्याला टांगलेला गुण्या काढला,
पाती आणि मागच्या पट्टीच्या मध्ये टेकवला,
वाकून एक डोळा मिटला.
पट्टीचा डावा बोल्ट पाऊण आटा सुटलेला.
पाना फिरवता फिरवता स्वतःशीच बोलल्यासारखं :
‘आमचे बांधाचा कोपरा पन मोजनीन असाच गेलता.’
कुठला बांध, मी विचारलं नाही.
त्यानं पायाखालच्या फरशीकडे पाहिलं फक्त.

सगळा गठ्ठा त्यानं पुन्हा काटकोनात आणला,
पुढच्या कडेवर पेन्सिलीची एक तिरपी रेघ मारली,
म्हणजे कुठलं तोंड आधी आत जातं ते कळावं.
रात्री दोन दहाला पहिलं पान काचेवर धरलं.
फुलीवर फुली.
‘ळ’च्या दोन गोलांतून
पलीकडच्या बाळाचे दोन गाल.

मशीन मोजत होतं : तीनशे, तीनशे एक.
पण ते सोडण्याआधी मी एक केलं होतं.
भरलेले सगळे आकडे, दशांश दोन, उणे तीन,
एकेक करून शून्यावर आणले.
मशीनची माफी मागायची
दुसरी रीत मला ठाऊक नाही.
९९.९२ तेवढं राहू दिलं.
आकसणं कागदाचं खरंच होतं.